दादाच्या बोअरचं तांबडं पाणी

सोमवार, ५ जानेवारी

नंबर लागला. निशिगंधाने पलंगावरून हाक मारली तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. तशीच पिठाच्या हातांनी धावले, म्हटलं पोटात दुखतंय की काय. पाहते तर सूनबाई लॅपटॉप छातीशी धरून हसतायत. किती दिवसांनी हसली पोर.

ही वही नवी आहे, म्हणून सगळं नीट लिहिते. निशी कॉलेजात रसायन शिकवते आणि पीएचडी करते. बोअरच्या पाण्यात लोखंड असतं, त्याने बादल्या तांबड्या होतात, भात पिवळा पडतो. आपण तिसऱ्या खाऊन शिंपल्यांची जी टरफलं टाकून देतो ती भाजून त्यांची पूड केली, तर ती पूड हे लोखंड ओढून घेते, असं तिचं म्हणणं. बाटलीत बनवलेल्या पाण्यावर ते तिने दाखवलं आहे. आता खऱ्या विहिरी-बोअरच्या पाण्यावर दाखवायचं, एवढा एकच धडा उरलाय. आणि नेमकं दिवस गेल्यावर गर्भाची वार खाली असल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंत होईस्तोवर पलंग सोडायचा नाही. विद्यापीठाने फेब्रुवारीअखेरची शेवटची मुदत दिली आहे. ती चुकली की नाव रद्द, आणि मग कॉलेजातली कायम नोकरीही राहत नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास.

तर सरकारने ठाण्याला एक प्रयोगशाळा उभारली आहे. तिथे यंत्राचे हात काम करतात. ज्यांच्या कॉलेजात साधनं नाहीत त्यांनी घरबसल्या काय करायचं ते लिहून पाठवायचं, आपला माल पेटीत घालून पोचवायचा, आणि यंत्र ते करून आकडे पाठवतं. गडचिरोलीचं कॉलेज असो की डोंबिवलीचं, सगळ्यांना सारखाच नंबर. मी म्हटलं, म्हणजे आमच्या माहेरच्या कोपरीतली पिठाची गिरणच की. सगळ्या गावाला एक, डबा ठेवून यायचं, दळून मिळतं. निशी म्हणाली, अगदी तसंच आई.

एरवी सरकारला नावं ठेवायला मीच पुढे असते. आज ठेवणार नाही.

गुरुवार, ८ जानेवारी
टिटवाळा

काळुरामदादाकडे आले आहे. आमचं माहेर कोपरीचं, मिठागरवाल्यांचं. ती जागा गेली तेव्हा दादाने टिटवाळ्याच्या पलीकडे ही जमीन घेतली आणि बोअर पाडली. पाणी भरपूर, पण तांबडं. निशीला पहिल्यापासून हेच पाणी हवं होतं. माझ्या मुलाला, कमलेशला, रजा नाही, ती उठू शकत नाही, म्हणून मी आले. तिने चार बाटल्या धुऊन दिल्या आणि सांगितलं, आई, यात भरा, झाकण घट्ट लावा, बस्स.

दादाने दिवाळीत पंप आणि पाइप बदलले. लोखंडी काढून प्लास्टिकचे घातले. म्हणाला, आता पानी चांगलं येल. कुठलं चांगलं. हंडा भरला आणि घटकाभरात वर तांबडी साय.

मी म्हटलं, असं पाणी ठाण्याला पाठवायचं? सरकारी जागा ती. साहेब लोक बाटली उघडून बघतील आणि म्हणतील, कुठल्या डबक्यातून आणलं. गिरणीत दळण द्यायचं तरी आपण निवडून, पाखडून, ऊन दाखवून देतो. खडे-मातीसकट कुणी देतं का? दादाही म्हणाला, आपल्या घराचं नाव हाय गो बाय त्या बाटलीवर. मग वहिनीच्या पितळी हंड्यात तुरटी फिरवली, चांगली सात-आठ वळणं. झाकून ठेवलाय. सकाळी वरचं वरचं पाणी धुतलेल्या पंच्यातून दोनदा गाळून भरेन.

असली कामं बोलून दाखवायची नसतात. आपण करायचं आणि गप्प बसायचं. निशीच्या डोक्याला तेवढाच ताप कमी.

सोमवार, १२ जानेवारी

शनिवारी कमलेशने कामावर जाताना पेटी ठाण्याला पोचवली. बाटल्यांतलं पाणी कसं, तर काचेसारखं. मलाच अभिमान वाटला.

आज सकाळपासून निशीच्या लॅपटॉपवर तो हात दिसतोय. नुसता हात, माणूस नाही. एका टोकाला बारीक नळी. ती पाण्यात बुडते, थेंब ओढते, दुसऱ्या चिमुकल्या वाटीत सोडते. वाट्या किती, मोजवत नाहीत. प्रत्येकीत वेगळ्या आचेवर भाजलेली पूड. निशीने कुठल्या वाटीत काय आणि किती वेळ, ते सगळं रात्रंदिवस आडवी पडून लिहिलंय. खिचडी करतानासुद्धा माझ्या हातून मीठ कमीजास्त होतं, हा हात मात्र चुकत नाही.

मी विचारलं, जेवत नाही का हो हा? कमलेश म्हणाला, आई, तू आता डबा पाठवू नकोस त्याला. निशी इतकी हसली की मीच दटावलं, बाई गं, पोट धर.

तिथला देखरेख करणारा मुलगा मुकुल म्हणून आहे. सभ्य वाटला. निशीला मॅडम म्हणतो आणि मला काकू.

बुधवार, १४ जानेवारी

आज संक्रांत, आणि ती आमच्याच घरावर आली.

आकडे आले. कुठल्याच वाटीत काही फरक नाही. पूड घातलेलं आणि न घातलेलं पाणी सारखंच. निशीने मला समजावून सांगितलं. पूड वाईट नाही आई, पाण्यातच लोखंड नाही. मुळातच नाही. मुकुलने यंत्र तपासलं, त्यांच्याकडचं लोखंडाचं पाणी घालून पाहिलं, यंत्र बरोबर दाखवतंय.

मग तिने मला विचारलं की मामांनी बोअरमध्ये काही बदल केला का. मी खरं ते सांगितलं, दिवाळीत पाइप बदलले. ते ऐकून तिने लॅपटॉप मिटला. नंतर म्हणाली, म्हणजे तांबडा रंग जुन्या पाइपच्या गंजाचा होता. पाणी चांगलंच होतं. मी इतकी वर्षं गंजावर पीएचडी करत होते.

मी तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. तिने तो तसाच बशीत ठेवला.

दादाला फोन केला. त्याला हे काही पटेना. म्हणाला, बादली तं अजून लालच हाय. मी म्हटलं, तू बादली घासत नसशील. यंत्र खोटं बोलेल होय?

शुक्रवार, १६ जानेवारी

निशी आज शांत आहे. बरं वाटलं. काल दिवसभर कमलेशशी हळू आवाजात काही बोलत होती, तो नुसता मान हलवत होता. आज सगळे कागद तिने एकत्र करून दोरीने बांधले आणि मला म्हणाली, माळ्यावर टाका, बाळाला जागा होईल. पोरीला संसाराचं भान आलं.

मग कपाटातून प्रयोगशाळेचा पांढरा कोट काढून द्यायला सांगितला. धुऊन धुऊन मऊसूत झालाय. म्हणाली, आई, याची दुपटी शिवा. किती छान सुचलं तिला. जुन्या सुती कापडासारखं तान्ह्या अंगाला दुसरं काही नाही. तिची आई असती तर तिलाही कौतुक वाटलं असतं. पण बाळ हातात यायच्या आधी त्याचं काही शिवायचं नसतं आमच्यात. मी म्हटलं, ठेवते घडी करून, वेळ आली की कात्री लावू. ती म्हणाली, लवकर लावा.

जेवली मात्र नाही. डाळ तिखट झाली असेल.

सोमवार, १९ जानेवारी

आज काय झालं ते लिहायला बसले आहे आणि माझं मलाच हसू येतंय, आणि कान लालही होतायत.

सकाळी मुकुलचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. निशीने त्याला कळवलं होतं की काम थांबवते, उरलेला वेळ दुसऱ्या कुणाला द्या. तो म्हणाला की फाइल बंद करायच्या आधी दोन-चार प्रश्न विचारावे लागतात. सरकारचे पैसे लागलेत, तेव्हा काम का थांबलं ते लिहावं लागतं. निशी एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग त्याने विचारलं, सॅम्पल कोणी घेतलं होतं?

निशी म्हणाली, सासूबाईंनी.

मी तिथेच लसूण सोलत होते. मला वाटलं, आता घराकडे बोट जातंय, आपण नीट केलं होतं हे कुणीतरी सांगायला हवं. मी लॅपटॉपसमोर गेले.

"त्याची काळजी नको हो," मी म्हटलं. "आमच्याकडून काही हयगय नाही. तुरटी फिरवून रात्रभर ठेवलं, वरचं पाणी घेतलं, तेही दोनदा गाळून. गाळ सगळा खाली बसला होता, एवढा तांबडा थर. तो फुलझाडांना ओतून दिला मी. तुमच्याकडे एक कण आला नसेल."

मुकुलने तोंडावर हात ठेवला.

"आई," निशी म्हणाली, "तांबडा थर?"

"हो. हंड्याच्या बुडाला, बोटभर."

"नव्या पाइपच्या पाण्यात?"

"मग काय जुन्या?"

ती उठून बसायला लागली. मी खांदा धरून आडवं केलं. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला काही कळेना. मुकुलनेच सांगितलं. तो जो थर मी फुलझाडांना घातला, तेच लोखंड. तुरटीने तेच खाली बसतं. ज्याच्यासाठी एवढं यंत्र राबलं ते मीच आधी काढून टाकलं आणि रिकामं पाणी पाठवलं.

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मी म्हटलं, निशी, मी तुझं वाटोळं केलं गं. गिरणीला देतात तसं निवडून दिलं मी. ती माझा लसणाचा हात धरून म्हणाली, "आई, पाण्यात लोखंड आहे. आहे. तुम्हाला कळतंय का, आहे." आणि मग तिला भूक लागली. चार दिवसांनी.

दोन भाकऱ्या खाल्ल्या. सुक्या जवळ्याबरोबर.

मंगळवार, २० जानेवारी

हसणं झालं, आता काळजी. पाणी पुन्हा आणता येईल, पण यंत्राचा नंबर? निशीने आधीच स्वतःच्या हाताने वेळ सोडला होता. पुढचा मोकळा वेळ मार्चात. तोवर मुदत गेलेली असेल.

कमलेश रात्री माझ्यावर चिडला. म्हणाला, आई, तुला विचारायला काय झालं होतं. त्याचंही बरोबर आहे. पण निशी आतून म्हणाली, मीही सांगितलं नव्हतं, गाळू नका म्हणून. आम्हा शिकलेल्यांना वाटतं ते सगळ्यांना माहीतच असतं. मग थोड्या वेळाने तो माझ्या पायाला तेल लावायला आला. लहानपणापासून त्याची माफी मागायची हीच रीत.

देवाला एवढंच म्हटलं, माझी शिक्षा तिला नको.

बुधवार, २१ जानेवारी

मुकुलचा फोन. मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले, पुन्हा तोंड उघडायला नको.

नियमच आहे म्हणे. सॅम्पलमध्ये गडबड झाली तर एकदा पुन्हा करून मिळतं, नवा अर्ज लागत नाही, कारण ही प्रयोगशाळा मुळात ज्यांच्याकडे दुसरा उपाय नाही त्यांच्यासाठीच सरकारने काढली आहे. फक्त मोकळे तास हवेत. आणि विदर्भातल्या कुठल्याशा कॉलेजाने आपले शनिवारचे तास सोडलेत, त्यांची पेटी वाटेत फुटली. त्या बिचाऱ्यांचं वाईट वाटलं, पण जीव भांड्यात पडला. शेवटी राहवलं नाही, बाहेर येऊन मी मुकुलला सांगून टाकलं, त्यांची नवी पेटी आली की त्यांना आधी घ्या हं. तो म्हणाला, घेतो काकू.

पाणी मात्र उद्या संध्याकाळपर्यंत ठाण्याला पोचायला हवं. आणि उद्या टिटवाळ्याला माघी गणपतीची जत्रा.

गुरुवार, २२ जानेवारी

दादाला काल फोनवर तीनदा बजावलं. तुरटी नाही, गाळायचं नाही, उकळायचं नाही, नळातून थेट बाटलीत. निशीने स्वतः बोलून झाकण कसं लावायचं ते सांगितलं. दादा म्हणाला, मना काय येडा समजता क?

गर्दीने रस्ते बंद. दादा बाटल्या घेऊन शेताच्या बांधाने चालत हमरस्त्याला आला आणि तिथून रिक्षा बदलत कल्याणला. कमलेश त्याला तिथे भेटणार होता. दुपार टळली तरी फोन नाही. निशी छताकडे बघत पडून होती. मी देवापुढे बसले, पण काय म्हणत होते ते माझं मलाच ठाऊक नाही.

शेवटी कमलेशचा फोन. मामा भेटले. बाटल्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरल्या होत्या. कमलेशला वाटलं, फुटू नयेत म्हणून. तर दादा म्हणतो, "लोक बघतील रे. असं गढूल पानी कोन कोनाला देतं? लाज वाटते."

पेटी वेळेत पोचली. दादा तसाच आमच्याकडे आला, पाय सुजलेले. गरम पाण्यात मीठ घालून दिलं. निशीने पलंगावरूनच त्याला हात जोडले. तो म्हणाला, पोरी, पानी घान हाय म्हनून कोनी पयल्यांदाच आनंदली.

मंगळवार, २७ जानेवारी

सुट्ट्या मध्ये आल्या. आकडे आज आले.

निशीने मला जवळ बोलावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. रेघा होत्या. नुसत्या पाण्याची रेघ वर होती, उंच. हे मामांचं पाणी, ती म्हणाली. मग एकेक पूड, आणि रेघ खाली, आणखी खाली. एका जागी ती अगदी जमिनीला टेकली होती. मधल्या आचेवर भाजलेली पूड. पाणी पिण्याजोगं, आई. तुरटीशिवाय.

शेवटचे दोन शब्द तिने मुद्दाम म्हटले. मीही तिला चिमटा काढला.

मला त्या रेघांतलं सगळं कळत नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचं कळतं. गेल्या पंधरवड्यात तो चेहरा कसा झाला होता हे मला आज उमगलं, आता तसा नाहीये म्हणून. मी त्याला शांतपणा समजत होते. आपण एका घरात राहतो, एका पंक्तीला जेवतो, आणि तरी.

कागद माळ्यावरून काढले. कोटही तिने मागून घेतला. दुपट्यांना माझं जुनं लुगडं फाडू म्हणाली, ते जास्त मऊ आहे.

मुकुलने निरोप पाठवला आहे. प्रयोगशाळेने सूचनांत नवी ओळ घातली: पाणी जसे असेल तसेच आणावे, गाळू नये, तुरटी वापरू नये. कमलेशने ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली. दुपारपासून माझा फोन थांबेना. हसा लेको. माझ्यामुळे पुढच्या कुणाची तरी पीएचडी वाचेल.

शनिवार, २१ फेब्रुवारी

काल प्रबंध पाठवला. घोडं गंगेत न्हालं.

शेवटचे दिवस घर म्हणजे छापखाना झाला होता. कमलेश चुका तपासायचा, मी चहा करायची, निशी आडवी पडून टाइप करायची आणि मधेच म्हणायची, लाथ मारली. परवा डॉक्टरीणबाई तपासून गेल्या. वार वर सरकली आहे, आता थोडं घरात चाललं तरी चालेल. मी त्यांना साखर दिली. त्या म्हणाल्या, मी काही केलं नाही हो, आपोआप होतं ते. होऊ दे आपोआप. साखर माझी.

दादाने टिटवाळ्याहून विचारलंय की ती पूड त्याच्या टाकीत कधी घालायची. निशी म्हणाली, मामा, थांबा, आधी माणसांनी तपासू दे. तो म्हणाला, मशीननं तपासली तं मानसांचं काय काम.

आज दुपारी निशी जेवून कुशीला वळली आणि झोपली. तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर, हात पोटावर. खाली भंगारवाला ओरडत गेला, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, ती हलली नाही.

तेवढ्यात तिच्या गाइड उत्तरा मॅडमचा फोन वाजला. मी उचलून गॅलरीत नेला. त्यांना निशीशी लगेच बोलायचं होतं, कुठल्याशा पानाबद्दल.

"डॉक्टर झोपल्यात," मी म्हटलं.

त्या हसल्या. "काकू, अजून व्हायव्हा बाकी आहे हो. डॉक्टर नाही म्हणता येणार इतक्यात."

"असेल बाकी," मी म्हटलं. "तिची झोप त्याच्याहून जुनी बाकी आहे. ती आधी होऊ दे. तुम्ही उद्या करा."

फोन बंद करून ठेवला आणि आत येऊन तिचा पाय पांघरुणात घेतला.